विंटरबर्नची पत्रं प्रेसमध्ये

।। श्री ।।
डंडॉक (आयर्लंड), ४ ऑक्टोबर २०२०

ती. स्व. शुभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे, कारण टपालाचा भरवसा नाही. उन्हाळ्यातलं तुझं विमान रद्द झालं आणि विंटरबर्नच्या पत्रांचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्याची आता मजा वाटू लागली आहे. ऑफिस घरूनच चालतं. शनिवारी सायकलवर मिसेस मॅकार्डल यांच्याकडे जातो, त्या अंगणात टेबल मांडून देतात आणि मी पत्रांचे फोटो काढतो. 'तुझी आत्या या माणसात एवढं काय पाहते?' असं त्यांनी परत विचारलं. विंटरबर्नच्या बहिणीच्या वंशातल्या असूनही त्यांना त्याचं कौतुक नाही.

आणि खरंच, अठराव्या शतकात तिकडे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये स्वातंत्र्यावर भाषणं करणारा तुझा मुत्सद्दी इकडे बहिणीला लिहितो ते साखरेबद्दल! स्वयंपाकीण साखर चोरते या संशयावरून तो पेटीची किल्ली घेऊन फिलाडेल्फियाला गेला आणि बायको बिनसाखरेचा चहा पीत बसली. घरात राबणाऱ्या गुलामांची नावं मात्र एकाही पत्रात नाहीत.

मिसेस मॅकार्डल यांच्या दिवाणखान्यात पत्रांची आबाळ होत होती, म्हणून पूर्वीच्या सांगण्यावरून ती सगळी प्रेसमध्ये गेली आहेत. पूर्वी म्हणाली तसं, आता तिथून एकेक बाहेर येतील. येतील तशी पाठवतो.

तब्येतीला जप, आणि तुझी माया माझ्या शुद्धलेखनावर अवलंबून ठेवू नकोस.

तुझा भाचा,
अनीश

।। श्री ।।
पुणे, ११ ऑक्टोबर २०२०

चि. अनीश यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. 'पूर्वीच्या सांगण्यावरून' या शब्दप्रयोगावर मी लाल पेन टेकवलं होतं, कारण हे पूर्वीचं सांगणं कोणाचं, ते नुसत्या क्रियाविशेषणातून कळत नाही. पुढच्याच वाक्यात ते क्रियाविशेषण बोलू लागलं, तेव्हा उलगडा झाला. डंडॉकमध्ये या नावाची एकच व्यक्ती माझ्या माहितीची आहे. माझ्या मार्गदर्शनाखालचं काम अर्ध्यावर टाकून ती तिथल्या संस्थेत शिकवायला गेली. विंटरबर्नचं नाव तिने प्रथम माझ्याच तोंडून ऐकलं, हे तुला ठाऊक असावं. तुमची ओळख कशी झाली, हे मी विचारत नाही. तू सांगितलं नाहीस, याची नोंद घेतली आहे.

किल्ली बरोबर नेणाऱ्या गृहस्थाला तू हसलास. मला त्याचं वागणं गैर वाटत नाही. घरातल्याच माणसावर लक्ष ठेवावं लागतं, कारण बाहेरच्याला पेटी कुठे आहे हे माहीत नसतं.

ही पत्रं मी एका तळटीपेवरून हुडकून काढली, त्या बाईंचा पत्ता मिळवला, त्यांना राजी केलं. माझं उरलेलं एकच पुस्तक या पत्रांवर उभं आहे. तेव्हा यापुढे पत्रं कुठे आहेत आणि कोणाच्या हाती आहेत, एवढं नेमकं कळवत जा. बाकी तुझा विवेक.

तेथील थंडीत कानटोपी वापरावी.

शुभदा

डंडॉक, २२ नोव्हेंबर २०२०

ती. स्व. शुभाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल क्षमस्व. इथे पुन्हा सगळं बंद झालं आहे, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही. नशिबाने मिसेस मॅकार्डल त्याच्या आत राहतात. तरी खबरदारी म्हणून त्या मला दारातूनच चहाचा कप देतात आणि दूध घातलं नाही तर रागावतात.

पूर्वी इथल्या गणपतीच्या ऑनलाइन कार्यक्रमात भेटली. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहीन, आज नको.

तू नेमकं विचारलंस म्हणून नेमकं सांगतो. पत्रं प्रेसमध्येच आहेत आणि अगदी ग्रँड आहेत. मिसेस मॅकार्डल यांचं म्हणणं, ही साधी प्रेस नाही, हॉट प्रेस आहे, तेव्हा तुझ्या आत्याने निश्चिंत राहावं.

फराळाची आठवण काढत शेव विकतची खाल्ली. रागावली असलीस तरी पत्र लिही.

तुझा,
अनीश

।। श्री ।।
पुणे, ९ जानेवारी २०२१

अनीश यास,

तुझी आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही. 'सविस्तर' आलं नाही, ते येणार नव्हतंच.

दादा-वहिनी गेल्यापासून तुला मी वाढवलं, ते काही परतफेडीसाठी नाही. परंतु माझ्याच साधनांची गरमागरम बातमी करून ती छापखान्यात धाडायची, आणि वर मला निश्चिंत राहायला सांगायचं, हा उद्धटपणा तुझा नाही. तो शिकवलेला आहे, आणि शिकवणारी कोण हे मला कळतं. अर्धवट प्रबंध असा पुरा होतो तर!

मी मिसेस मॅकार्डल यांना कुरिअरने पत्र धाडलं आहे. त्यांच्या भलेपणाचा दोघा तरुणांनी गैरफायदा घेतला असून, घराण्याची खासगी पत्रं वर्तमानपत्रांच्या हाती गेली आहेत, असं स्वच्छ शब्दांत कळवलं आहे. पत्रं परत मागवावीत आणि तुम्हा दोघांना दार उघडू नये, अशीही विनंती केली आहे.

शुभदा

डंडॉक, ७ फेब्रुवारी २०२१

ती. स्व. आत्यास,
सा. न.

तुझं इंग्रजी पत्र मिसेस मॅकार्डल यांनी मलाच मोठ्याने वाचायला लावलं, त्यांचा चष्मा फुटला आहे म्हणून. मी उंबऱ्याबाहेर थंडीत उभा राहून, मी चोर आहे हे उत्तम इंग्रजीत वाचून दाखवलं. एक वाक्य गाळलं तर त्यांनी ते पकडलं.

आत्या, आयर्लंडमध्ये प्रेस म्हणजे कपाट. ताटल्यांची प्रेस, कपड्यांची प्रेस. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारचं कपाट, त्यात चादरी कोरड्या राहतात. तुझा विंटरबर्न मिसेस मॅकार्डल यांच्याच घरात उशांच्या अभ्र्यांखाली आहे. चार वर्षं इथे राहून हा शब्द माझ्या तोंडी इतका बसला की, पुण्यात त्याचा अर्थ वेगळा होतो हे सुचलंच नाही. चूक माझीही आहे. पण प्रेस म्हणजे काय, हे तू एकदा विचारायचंस. नोंद घेतलीस, वाट पाहत बसलीस, निकाल दिलास, पण विचारलं नाहीस.

लपवत होतो हे खरं. तुझा संशय बरोबर होता, विषय चुकला. पूर्वी आणि मी लग्न करणार आहोत. तिचं नाव काढलं की तू काय म्हणशील, या भीतीने एकेक पत्र पुढे ढकलत गेलो.

मिसेस मॅकार्डल म्हणाल्या, युअर मॅन विंटरबर्नचंही असंच होतं, लेखणी सुरेख, पण घरात माणूस टिकेना. पत्रांसाठी दिलेली परवानगी त्या परत घेणार नाहीत. मात्र मी पत्रांना हात लावायचा नाही, असं मीच त्यांना सांगून आलो आहे. चोर म्हटल्यावर मला ते कपाट उघडवत नाही. पूर्वी तयार आहे. तिला चालवून घ्यायचं की पुस्तक सोडायचं, ते तू ठरव.

अनीश

।। श्री ।।
पुणे, १४ मार्च २०२१

चि. पूर्वी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

या मायन्यावर माझा बराच वेळ गेला. आधीचे तीन कागद फाडले, ते अतिशय नीट लिहिलेले होते.

मिसेस मॅकार्डल यांना वेगळं पत्र गेलं आहे. त्यात विशेषणं नाहीत. अनीशला लिहायला मला अजून शब्द सापडत नाहीत. सापडले की शुद्धलेखन न तपासता पाठवीन, असं त्याला सांग.

आता कामाचं. पत्रं प्रथम त्या कपाटातून काढावीत, उष्णतेने कागद ठिसूळ होतो. हे सुचवणारी तू असशील, तर तो भाग तू माझ्याकडे शिकली नाहीस. हात स्वच्छ आणि कोरडे असावेत. शब्द लागला नाही तर अंदाज न करता जागा कोरी सोडावी. तुझं वाचन मला पटलं नाही, तर मी भांडेन. तरीही ते तुझ्या नावानिशी छापीन, आणि ते नाव तळटीपेत नसेल.

मिसेस मॅकार्डल यांच्या चष्म्याचं काय झालं ते पाहावं.

लग्नाची तारीख ठरली की तू स्वतः कळव, आणि आकड्यांबरोबर अक्षरीही लिही. अनीशच्या शब्दांचे अर्थ मी यापुढे लावणार नाही.

तुझी,
शुभाआत्या