चपलेखालची पाचर

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे. मांजराला आत घेऊ नकोस.

मी दवाखान्यात जातेय. घोट्याचं मोडलेलं हाड वाकडं जुळलंय, ते पुन्हा कापून सरळ बसवणार आहेत. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं: हाडाला काप द्यायचा, मधे पाचर घालायची, वरून पट्टी आणि स्क्रू. म्हणजे तुझंच सुतारकाम, फक्त लाकूड नाही. भीती वाटत नाहीये. खरं तर काहीच वाटत नाहीये.

आधी सांगितलं असतं तर तू दुकान बंद करून दवाखान्यातल्या बाकड्यावर बसला असतास आणि मलाच तुला धीर द्यावा लागला असता. शेजारच्या काकू सोबत आहेत.

प्लास्टरच्या आत पाय खाजतोय म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा तू बारीक करवत आणून मुदतीआधीच ते कापलंस. पुढे पाय कलत गेला, तसतशी तू माझ्या चपलेखाली पाचर ठोकत गेलास, दर वेळी थोडी जाड. रंगसुद्धा चपलेशी जुळवायचास. पायाकडे मात्र एकदाही बघितलं नाहीस.

प्लास्टर कोणी काढलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, मीच, कात्रीने. तुला विचारलं तर तूही हेच सांग.

संध्याकाळी ये. हात हलवत आलास तरी चालेल, फक्त करवत आणू नकोस. आणि आलास की आधी पायाकडे बघ.

चिंगी