शेठच्या पायातला काटा

प्रिय ताई,

माझं अक्षर बघून हसशील. सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला मी, सांभाळून घे. फोनवरच बोललो असतो, पण तू मधेच रडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. दाजींनी काकांचं गॅरेज सोडलं, हे कळलं. चार महिने तू काकांशी बोलत नाहीस, तेही माझ्यापायी. आई गेली तेव्हा सगळं आटोपल्यावर मी पोचलो. काका चारचौघांत म्हणाले, "याला यायचंच नव्हतं." तू वाघिणीसारखी उठलीस, "नोकर माणूस तो, मालकांनी सोडलं नाही तर काय करेल?" मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. ब्र काढला नाही. म्हणून तो दिवस आता नीट सांगतो.

मी साहेब-मॅडमची कॅम्पर व्हॅन चालवतो, तुला माहीत आहे. चाकांवरचं घरच म्हण. पलंग, शेगडी, फ्रिज, सगळं आत. दोघं रिटायर झालेत, सारखे फिरत असतात. सोबत त्यांचा कुत्रा. मी त्याला मनातल्या मनात शेठ म्हणतो, कारण त्याला आत गादी न् पंखा, आणि मी पुढच्या सीटवर पाय दुमडून. त्या दिवशी सकाळी राजवाडा, मग संग्रहालय आणि संध्याकाळी समुद्र, असा बेत होता. राजवाड्याच्या दारातच पाटी, कुत्र्यांना मनाई. शेठ बाहेर म्हणजे मीही बाहेर. ते दोघं आत झुंबरं बघत होते, मी शेठला झाडाभोवती फिरवत होतो. वॉचमन म्हणाला, "काय राव, मनाई नक्की दोघांतल्या कोणाला?" मी हसलो. हसण्यावारी न्यायची सवय झालीय.

तुझा फोन त्याच्याआधीच आला होता, आठच्या सुमाराला. आई माझंच नाव घेतेय, असशील तसा निघ, म्हणालीस. मी म्हटलं, विचारून सांगतो. अर्ध्या तासानं मीच फोन करून कळवलं की सुट्टी नाही मिळत. तू मालकांचा उद्धार केलास, मी मुकाट ऐकला.

दुपारी संग्रहालयाच्या आवारात शेठच्या पायात काटा मोडला. तीन पायांवर लंगडत आला. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी. समुद्र वीस मिनिटांवर राहिला होता, पण साहेब म्हणाले, "गाडी फिरव." चाळीस किलोमीटर मागं, जनावरांच्या डॉक्टरकडे. स्टिअरिंग धरून मी आतल्या आत जळत होतो. नशीब काढलं तर कुत्र्यानं, माणसानं नुसतं राबावं! डॉक्टरनं चिमट्यानं काटा उपसला, दोन मिनिटांचं काम. आम्ही बाहेर आलो आणि तुझा दुसरा फोन वाजला.

मी पायरीवरच बसलो. मॅडमनी काय झालं विचारलं, मी सांगितलं, आई गेली, सकाळीच बोलावणं आलं होतं. त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, सकाळीच का नाही बोललास? कुत्र्यासाठी गाडी फिरवली, तुझ्या आईसाठी फिरवली नसती?"

मी विचारलंच नव्हतं, ताई. मला समुद्र बघायचा होता. जन्मात पाहिला नव्हता. वाटलं, आई महिनाभर अशीच पडून आहे, आणखी एक दिवस काढेल, उद्या सुट्टी मागू. वर मनाला समजावलं की मागितली तरी मालक नाहीच म्हणणार, म्हणजे पाप त्यांच्या माथी. समुद्र काही त्या दिवशी दिसला नाही, आणि पुन्हा तिकडं गेलो तेव्हा मी गाडीतून उतरलोच नाही. काकांनीच मला गाडी शिकवली, ते मला आरपार ओळखतात. ते खोटं बोलले नव्हते. दाजींना कामावर परत पाठव. हे पत्र काकांना तूच वाचून दाखव, त्यांना माझं अक्षर लागायचं नाही. काल मी पहिल्यांदा सुट्टी मागितली. साहेबांनी पेपरातून मान वर न काढताच म्हटलं, "जा की." एवढंच होतं गं ते. येऊ का, ते तू कळव.

अजून तुझाच म्हणवून घेणारा,
भिंगऱ्या