ओळ चौदा

३ तारीख, सोमवार
आजपासून निर्णय भावनेवर नाही, मॉडेलवर! चष्म्याच्या दुकानाची दुसरी शाखा काढायची की नाही, हे आता एक्सेल सांगेल. धंदे बुडतात ते मालकांच्या हळवेपणामुळे. मी हळवा नाही. जागेच्या एजंटला २८ तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय. घरी बोलायला कोणी नाही. एकाग्रतेला उत्तम.

६, गुरुवार
मॉडेल पूर्ण. चाळीस ओळी. शेवटचा चौकोन लाल: ‘शाखा नको’. कुठेतरी अंदाज चुकलाय.

७, शुक्रवार
सापडलं. ओळ चौदा, मॅनेजरचा पगार. तिथे शून्य टाकलं. मॅनेजर माझा मुलगाच असणार. परगावची नोकरी सोडून येईल. चौकोन हिरवा. आकडे खोटं बोलत नाहीत.

१२, बुधवार
दुकानातला काच घासणारा कारागीर म्हणतो, मालक, दिवसाला चाळीस गिऱ्हाइकं धरलीत, त्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. स्वतः जाऊन तीन तास उभा राहिलो. माणसं अकरा, चष्मेवाली दोन. म्हणजे नऊ जणांना चष्मा लागायचाच आहे! बाजारपेठ प्रचंड.

१८, मंगळवार
सीएने शीट पाहिली. मुलगा हो म्हणालाय का, असं विचारलं. मी ठणकावलं, त्याची खोली मी रोज झाडतो. सीएने लॅपटॉप मिटला. पटलं असावं.

२४, सोमवार
मुलाला फोन. चौथ्यांदा उचलला. त्याला पाच वर्षांचे आकडे वाचून दाखवले. म्हणाला, बाबा, मला शून्यात धरलंत, आणि विचारलंसुद्धा नाहीत? मी इथे रुळलोय. पुढे आवाज तुटत होता. बहुधा ‘विचार करतो’ म्हणाला.

२७, गुरुवार
मुलाचा मेसेज आला: येणार नाही. विचार केलेला नाही.

२८, शुक्रवार
ओळ चौदात बाजारभावाचा पगार टाकला. लाल. एजंटला नकार कळवला. तो म्हणाला, काका, मला तेव्हाच शंका आली होती. जागा बघायला आलात, तेव्हा दुकान दोन मिनिटं बघितलंत, आणि वरची राहायची खोली अर्धा तास.
खिडकी चांगली होती, एवढंच.

३०, रविवार
नवं मॉडेल. छोटं, एकाच ओळीचं. मुलाकडून येणारे फोन, दरमहा. आधी चार धरले. मग सावध अंदाज म्हणून एक.
प्रत्यक्षात: शून्य.
महिन्याचा अजून एक दिवस बाकी आहे.