कोंडाबाईच्या आवाजाची व्यवस्था

मी, व्यंकट मारोती सोनकांबळे, वय त्रेपन्न, धर्म बौद्ध, जिल्हा परिषद शाळेतला विज्ञानाचा शिक्षक, मूळचा मुदखेडचा, राहणार निलंगा, पूर्वी जिल्हा उस्मानाबाद, आता नवा जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि डॉक्टर पावसाळ्याचा विषय टाळतात. डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. घाई आहे ती माझी मलाच.

१. निलंग्याचे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर आणि नोकरीतून जे काही मिळेल ते सर्व पत्नी कोंडाबाई हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. मुलगा भुजंग लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत नोकरीला आहे. आईला घेऊन जातो म्हणतो, त्यात वाईट काही नाही. पण "भाड्याची खोली हाय बाबा, मालक आवाज खपवून घेणार न्हाई," असेही तोच म्हणाला. तेव्हा तिच्या मर्जीवाचून तिला या घरातून हलवू नये.

२. गिटारचा अॅम्प्लिफायर, म्हणजे घरात जिला आम्ही पेटी म्हणतो ती, कोंडाबाईची. ही पेटी का झाली ते लिहिणे भाग आहे, नाहीतर माझ्यामागे कोणी भंगारात घालील.

कोंडाबाई आमच्या गायन पार्टीची मुख्य गायिका. पार्टी माझा धाकटा भाऊ नरसिंग याची. जयंतीच्या दिवसांत देगलूरपासून देवणीपर्यंत तिला बोलावणी असत. मग तिच्या गळ्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, स्वरयंत्र गेले. आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घेते आणि ओठ हलवून बोलते. ते ओठ मला वाचता येतात. माझ्यामागे ते कोण वाचणार?

घरी आल्यावर पुष्कळ दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून असे. एकदा उठली आणि पार्टीतली जुनी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेतली. तारांवरून लोखंडी कांडी सरकवली की सूर गळ्यासारखा वळतो, हे तिचे तिलाच सापडले. पण उघड्या मैदानात ती गिटार पहिल्या रांगेपलीकडे जाईना. नरसिंगला म्हटले, तुझ्या लाऊडस्पीकरला एक तार जोडू दे. तो म्हणाला, "दादा, लोक गाणं ऐकाया येतात. वहिनीनं आता घरी आराम करावा."

मग मी पेटी करायला घेतली. तोवर मी वर्गात घंटी आणि बल्ब याच्या पुढे गेलो नव्हतो. देवणीचे गुरुबसप्पा रेडिओ दुरुस्त करतात. ट्रान्झिस्टर आल्यापासून त्यांच्या माळ्यावर व्हॉल्व्हच्या रेडिओंचा ढीग पडला होता. म्हणाले, "सर, ह्या काचेच्या बाटल्या आता कोण घेतंय? न्या की." तारांचा बारीक आवाज वाढवायला एक व्हॉल्व्ह, स्पीकर हलवायला ईसीएल ८२ नंबरचा दुसरा, आणि त्या दोघांना सरळ वीज पुरवायला तिसरा, असा नकाशा मी काढला. ईसीएल ८२ निवडला, कारण तो निम्म्या रेडिओंत सापडायचा. स्वस्त तर होताच, गेला तर दुसरा मिळेल असा हिशेब. सांगाडा तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा पेटी एसटीचा हॉर्न अडकावा तशी केकाटली. मी बटण बंद करून डोके धरून बसलो. गुरुबसप्पा आले, वाकून पाहिले आणि म्हणाले, "दोनच तारा उलट्या झाल्यात, सर. ट्रान्सफॉर्मरच्या." त्या बदलल्या. मग नुसती घरघर राहिली. दोन्ही ट्रान्सफॉर्मर शेजारी होते, एक आडवा फिरवला, घरघर बसली. कोंडाबाईने कांडी सरकवली. शेजारच्या धुरपताबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या. "सर, कोंडाबाई गाऊन राहिली का काय?" कोंडाबाईने वर पाहिले नाही. तीच ओळ तिने पुन्हा वाजवली.

३. जादा व्हॉल्व्ह, तारांना डाग देण्याची कावी आणि मीटर भुजंगला. अट ही की त्याने गुरुबसप्पांकडून दुरुस्ती शिकावी. बटण बंद केले तरी कंडेन्सरमध्ये वीज राहते. ती उतरवल्याशिवाय आत हात घालू नये, जीव जाईल. पेटीत बसवलेला ईसीएल ८२ थकला आहे, जादा व्हॉल्व्हांत तो नाही आणि गुरुबसप्पांचा माळा आता रिकामा आहे. नांदेडला, हैदराबादला, जिथे जुने रेडिओ फुटतात तिथे भुजंगने जावे. कुठेच मिळाला नाही तर काय करावे, हे मला सुचत नाही. रोज विचार करतो. सुचत नाही.

४. माझी हार्मोनियम नरसिंगला. हे कलम मी रागाने लिहिले होते. पेटीची फाजील वीज जमिनीत उतरावी म्हणून घरामागे मीठ-कोळसा भरून अर्थिंगचा खड्डा केला आहे; यंदाच्या दुष्काळात तो सुकला. खड्डा सुकला की पेटीतली वीज गिटारच्या तारांत उतरते, तिच्या बोटांना झिणझिण्या येतात. म्हणून ती भांडी विसळलेले पाणी त्यात ओतायची. टँकरच्या रांगेतून नरसिंगने ते पाहिले आणि सगळ्यांदेखत ओरडला, "मानसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही जमिनीत वतून राहिल्या?" ती ओठ हलवत राहिली. मी आत बाजेवर होतो, उठता आले नाही. त्याने खड्डा मुरूम-दगडांनी बुजवला. तेव्हापासून पेटी बंद आहे.

मी लिहिले होते: तो खड्डा नरसिंगने स्वतः उकरावा, तरच हार्मोनियम मिळेल. काल त्याला बोलावून वाचून दाखवले. तो म्हणाला, "मेल्यावर कशाला, दादा?" आणि पहार मागितली. खड्डा मोकळा झाला आहे. पण तळापर्यंत कोरडा, मिठाचे खडे पांढरेफटक.

५. मला आता घोटभरच पाणी चालते. टँकरच्या पाण्यातला माझा उरलेला वाटा मी त्या खड्ड्याला देतो. हे पिण्याचे पाणी आहे, विसळलेले नाही. ते माझे आहे. कोणी बोलायचे असल्यास माझ्याशी बोलावे.

६. मी गेल्यावर प्रेताला आंघोळ घालू नये. ओल्या फडक्याने पुसावे आणि आंघोळीचा हंडा खड्ड्यात ओतावा. बाया रडतील तेव्हा कोंडाबाईला रडता येणार नाही. तिच्याजवळ आवाज नाही. तिने पेटी चालू केली तर कोणी हात धरू नये. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, घाई करू नये. आणि त्या वेळी लाईन गेलेली असेल, तर ती येईपर्यंत मला उचलू नये.

साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

व्यंकट मारोती सोनकांबळे

साक्षीदार:
गुरुबसप्पा चन्नबसप्पा, रेडिओ दुरुस्ती, देवणी (सही)
धुरपताबाई सूर्यवंशी, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

निलंगा, जिल्हा लातूर
९ मे १९८६