पितळी इंजिनावरचं नाव

रविवार, संध्याकाळ

घाटंजीच्या बाजारात जुन्या वस्तूवाल्याकडून लहानसं पितळी रेल्वे इंजिन घेतलं, तेव्हापासून एकच शंका. चोरीचं तर नसेल? आज चिंचेनं घासलं, तर चाकांमागं कोरलेलं नाव निघालं. शेजारच्या सुमनच्या वारलेल्या वडिलांचं! ते रेल्वेत फिटर होते. तशीच इंजिन पिशवीत घालून तिच्याकडे गेले.

"हे तुमच्या घरून चोरीले गेलतं काय?"

तिनं आधी दार लोटलं. "मीच विकलं, काकू. भाऊ वितळवून टाकून राह्यलता. त्याले चोरी झाली म्हणून सांगतलं."

"मग ठेवून घे."

"नको. त्याले दिसन."

निघाले, तर भाऊ फाटकात उभा. "पिशवीत काय हाय, काकू?"

"वांगी."

"बरं," म्हणाला. पण हसला काहून? इंजिन चोरीचं नाही हे आता कळलंय, तरी कपाटाला कुलूप मीच लावलं.