पहिल्या नंबरची रेकॉर्ड

पुणे, ३ मार्च १९८७

ती. सौ. वत्सलावहिनींस सुग्रीवचा शि. सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावला असाल. सध्या एक छंद धरलाय. १९७२ साली निघालेल्या मराठी रेकॉर्डी जमवल्या, एक्केचाळीस झाल्या. रोज दोन ऐकतो आणि वहीत नंबर लावतो. लावण्या मागं पडल्या, एक पोवाडा सातवा आला. पहिला नंबर आपल्याच ग्रामोफोनच्या पेटीतल्या गवळणीचा, रामहरीदादा लग्नाकार्यात भोंग्यावर लावायचा ती. त्याला सांगा, हसेल. खोकला कसा आहे त्याचा?

राग सोडून लोभ धरावा.
आपला, सुग्रीव

उमापूर, १२ मार्च

चि. सुग्रीवभावजींस वत्सलाचे अनेक आशीर्वाद.

पत्र सोसायटीच्या बंकटरावानं आणून दिलं. एक्केचाळीस रेकॉर्डी ऐकायला टाइम हाय, भावाला बघायला न्हाई. अन् त्या सालाला कसले नंबर लावता? त्या साली गावात एक लगीन झालं न्हाई. भोंगा वाजला तो तळ्याच्या दुष्काळी कामावर, दुपारच्या सुट्टीत, न्हाईतर साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला. लोक रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर खात ऐकत बसायचे. तुमी तवा बीडला बोर्डिंगात व्हता, तुमाला काय ठाव.

खोकल्याचं विचारलं. खोकला ऱ्हायला न्हाई, आता नुसती छाती वाजती. डॉक्टर म्हणला, घरी घिऊन जा. तुमी शिकलेले हाव, त्याचा अर्थ लावा.

यादी वाचून दाखवली. पहिल्या नंबराला यांनी हात वर केला. म्हणले, तीच घिऊन ये म्हणावं. तर या, मशीनसकट. औंदाबी पाणी टँकरचंच हाय, पण तुमच्यापुरतं निघंल. का म्हून जमत न्हाई ते लिहीत बसू नका.

वाट बघायला लावू नये, हाच लोभ.
वत्सला

पुणे, २० मार्च

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

मार्चअखेर आहे, साहेब रजा देत नाही. रेकॉर्ड एसटीत तडकायची, नाहीतर उन्हानं वाकायची, म्हणून तिची कॅसेट भरून पाठवतोय. बंकटरावांच्या टेपवर दादाला ऐकवा. आपली जुनी आठवते ना? 'ये' या शब्दावर अडकायची, ये, ये, ये, आणि पेटीला चापट मारल्याशिवाय पुढं जायची नाही. तसल्या रेकॉर्डीला यादीत कोण घेणार? आठ वर्षांपूर्वी जुन्या बाजारात ती देऊन ही कोरी घेतली. हिला कुठं अडखळ म्हणून नाही.

दादाला नमस्कार. माया असू द्यावी.
सुग्रीव

उमापूर, २८ मार्च

चि. भावजींस आशीर्वाद.

कॅसेट लावली. यांनी डोळे मिटून ऐकली. संपल्यावर म्हणले, अडकली कुठं? म्हणलं, चांगली हाय, अडकत न्हाई. पुन्हा लावा म्हणले. तीनदा लावली. मग भिंतीकडं तोंड केलं.

आता ऐका. पंधरा वर्सं हे कुणाला सांगितलं न्हाई. ती रेकॉर्ड आपल्या सरूनं अडकवली व्हती. तीन वर्सांची पोर. रेकॉर्ड वाजत व्हती, तिनं सुईचा दांडा धरून वढला. चर्र झालं. यांनी तिच्या थोबाडीत दिली. जन्मात एकदाच दिली. आठव्या दिशी पोर उलट्या-जुलाबानं गेली. त्या साली पाणी कसलं पीत व्हतो ते तळ्याच्या कामावरच्या बायांला इचारा.

त्याच्यामागं रेकॉर्ड 'ये'वर अडकली की हे लगीच चापट मारत नसत. उगी थांबत. मी भाकर थापत बघायची. पुढं ऐकवंना म्हणून पेटी तुमच्या हाती दिली, अन् तुमी लई शाणे, बदली करून मोकळे झाला! पोरीचा फोटो न्हाई, झबलं न्हाई. तेवढा वरखडा व्हता.

कुणाला दिली ते आठवा. शोधा. बाकी खुशाली इचारायची गरज न्हाई.
वत्सला

पुणे, ४ एप्रिल

ती. सौ. वहिनींस, पायावर डोकं ठेवून.

दोन रविवार जुन्या बाजारात काढले असते, पण एका दिवसातच कळलं. तो दुकानदार वारला. मुलानं सगळा माल भंगारात घातला.

घरी येऊन कोरी रेकॉर्ड लावली आणि सुईचा दांडा ओढायला हात नेला. धीर झाला नाही. ओढला असता तरी तो ओरखडा सरूचा थोडाच होता! रजा मिळो न मिळो, पुढल्या सोमवारच्या गाडीनं निघतो. दादाला सांगा.

क्षमा मागायला तोंड नाही.
सुग्रीव

उमापूर, २४ एप्रिल

चि. भावजींस आशीर्वाद.

हे गेले त्याच्या दुसऱ्या दिशी तुमी पोचला. दहावं करून गेला. घरात बायांची गर्दी व्हती, बोलता आलं न्हाई, म्हणून लिहिते. आता पत्रावर 'सौ.' लिहू नका. हात सवयीनं जाईल, आवरा.

त्या कॅसेटीला म्या शिव्या दिल्या व्हत्या, त्या परत घेते. शेवटच्या दिशी सकाळी हे बंकटरावाला म्हणले, टेप लाव. तुमचं पत्र वाचून दाखवलं व्हतं, रेकॉर्ड भंगारात गेली ते ठाव व्हतं. तरी लाव म्हणले. गवळण सुरू झाली. 'ये' आलं. गाणं आपलं पुढं चाललं, अन् हे तिथंच ऱ्हायले. ये, ये, ये. आवाज कसला, नुसता वारा. पण तेवढंच अंतर, तसंच. बंकटराव घाबरला. म्हणला, काकी, ह्यांला हलवा, पाणी पाजा.

मी उशाला बसलेली. पेटीला मारायचे तशी एक चापट खांद्यावर मारली असती, तर कदाचित पुढं आले असते.

म्या मारली न्हाई.

तुमच्या वहीत नंबर काय लावायचे ते लावा, मला कळवू नका. दिवाळीला मात्र या. दादा न्हाई म्हणून वाट मोडू नका.
वत्सला