उंची, वजन, दात

१३ जानेवारी १९५९

सहा मुली! बापूसाहेबांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. एप्रिलपासून नर्सांचा नवा वर्ग आमच्या दवाखान्यात सुरू करायचा, तर खेड्यापाड्यांतल्या सहा मुली हव्यात. नाही मिळाल्या तर वर्ग नागपूरला जाणार. बापूसाहेब आमचे मोठे डॉक्टर, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. गावोगावच्या शाळांना भेटी आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का? तर 'सिस्टर, तुम्ही गोड बोलता.' आईने हे ऐकलं असतं तर पदराआड हसली असती.

मदतीला जीप, शालिकराम ड्रायव्हर, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि नवे डॉक्टर उद्धवराव. हे डॉक्टर बाईमाणसाशी बोलताना चष्मा पुसतात. चष्मा काढला की त्यांना दिसत नाही, म्हणून मग भिंतीशी बोलतात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ देताना शेजारच्या बेबीताईंनी विचारलं, आज शाळेला सुट्टी वाटतं? म्हटलं, हो. गोड बोलले, खरं नाही बोलले!

आमच्या सगळ्या बुधवारा आळीत मी मास्तरीण आहे. बाबांनीच तसं सांगून ठेवलंय. भिक्षुकाची मुलगी परक्या माणसांची मलमपट्टी करते हे यजमानांना कळलं तर काय म्हणतील! मामांनी हट्ट धरला म्हणून बाबांनी मला नर्सिंग शिकू दिलं, पण अट घातली की आळीत कळता कामा नये. म्हणून माझा पांढरा पोशाख पिशवीतून जातो, पिशवीतून येतो आणि माजघरात पडद्यामागे वाळतो. कधी नीट वाळतच नाही. बाबांचं धोतर मात्र पुढच्या दोरीवर रस्त्याकडे तोंड करून डुलत असतं.

वर बेबीताईंच्या मुलीचं गणितही माझ्याकडेच. मास्तरीण ना मी!

२२ जानेवारी

धामणगाव. पहिलीच शाळा. हेडमास्तरांनी सगळी मुलंच आणून बसवली होती. मुली कुठे म्हटलं, तर म्हणाले, त्यांना कशाला त्रास. मग मागे लागून नऊ मुली मिळवल्या. उद्धवराव हृदयावर बोलले. खूप बोलले. दोघं जण झोपले, त्यातले एक मास्तर.

शेवटी एका मुलीने धीर करून विचारलं, "नर्सबाईचं लगन होते का?" मी म्हटलं, होतं की. तिने माझा गळा निरखून पाहिला आणि खाली बसली.

मुली : शून्य.

३ फेब्रुवारी

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही!

वरूडच्या पुढचं एक गाव. तिथल्या मास्तरांना मीच आधी कळवलं होतं, की सतरा वर्षांच्या पुढच्या, शिकलेल्या, अविवाहित, निरोगी मुली हव्यात, शाळा सोडलेल्या असल्या तरी चालतील, पालकांनाही बोलवा. शाळेत पाऊल टाकलं तो काय! बारा मुली, बाराही जणी ठेवणीतल्या लुगड्यांत. डोक्यात फुलं. वऱ्हांड्यात सतरंजी, लोड, पोह्यांच्या बश्या. मला वाटलं, केवढं हे आरोग्याचं प्रेम!

मी एकेकीला पुढे बोलावलं. नाव काय, शिक्षण किती, घरचं काम येतं का. प्रत्येकीची उंची मोजली, वजन केलं. उद्धवरावांनी दात पाहिले. मुली लाजून चूर. एकीने तर सरळ वाकून मला नमस्कार केला. तरी मला कळेना! मग एका जाणत्या माणसाने शालिकरामला बाजूला घेऊन डॉक्टरांचं गोत्र विचारलं. शालिकराम तिकडून पोट धरून आला. "सिस्टर, हे लोक डाक्तरसायबाची सोयरिक समजून राहिले!"

उद्धवरावांच्या हातातली बशी सतरंजीवर. पोहे सगळीकडे.

मी उठून सांगितलं, की आम्ही मुली पाहायला आलेलो नाही, त्यांना नर्स करायला आलोय. अर्धे लोक हसले, अर्धे रागावले. किसनराव नावाचे संत्र्यांचे बागवाले मोठ्याने म्हणाले, "उंची मोजता, वजन करता, दात पायता, अन् म्हनता सोयरिक नाई!"

खरंच की. मुलगी पाहायला आलेल्यांनी मलाही चार वेळा असंच मोजलंय. मला तरी आधी कळायला हवं होतं. परतीच्या वाटेत हसून हसून डोळ्यांना पाणी आलं. उद्धवराव हसले नाहीत.

पण त्या गोंधळात एक मुलगी पुढे आली. ललिता, त्याच किसनरावांची. नववी पास. म्हणाली, बाई, मला यायचंय. आई बाळंतपणात जाता जाता वाचली, तेव्हा गावात डॉक्टर-नर्स कुणीच नव्हतं, दिवा धरून तीच बसली होती. मी तिचा हात धरला आणि सोडवेना.

१० फेब्रुवारी

अफवा आमच्या जीपच्या पुढे धावते. आज एका गावी आम्ही पोचायच्या आधीच पोहे तयार! उद्धवराव जीपमधून उतरेनात. मी मात्र दोन बश्या खाल्ल्या.

पण मुली तीन मिळाल्या. पोहे लाभले म्हणायचे.

२४ फेब्रुवारी

तेल्हाऱ्याकडच्या दोघी धरून पाच झाल्या. सहावी ललिता. तिच्यासाठी आज किसनरावांच्या घरी गेले. बागेत संत्री उतरवायचं काम चाललेलं, खोकी भरणं चाललेलं. पार्बताबाई, ललिताची आई, माझ्या बाजूने. ललिता दाराआड.

मी सगळं सांगितलं, राहायची सोय, पगार, मान. किसनराव शांतपणे ऐकत होते. मग विचारलं, "तुमचे बाबा काय म्हनतात?"

तयार उत्तर होतं जिभेवर, पण ललिता दाराआडून पाहत होती. म्हटलं, बाबा कुणाला सांगत नाहीत. आळीत मी मास्तरीण आहे.

"एवढ्या शिकल्या-सवरल्या घरात लाज वाटते, मंग मी काहून पोरगी पाठवू?" ते रागावले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. निघताना म्हणाले, "तुमचे बाबा मायासमोर बोलले, तर पाठवतो. नाईतर नाई."



२५ फेब्रुवारी

बाबांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, वरूडकडच्या किसनरावांना तुमच्या तोंडून ऐकायचंय, तुमच्यामुळे एका मुलीचं आयुष्य अडलंय, वर्ग अडलाय. बाबा संध्येला बसले होते, उठले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, चारू, मला यजमान सांभाळायचे असतात. मी म्हटलं, सांभाळा. आणि बेबीताईंच्या मुलीला सतराचा पाढा इतक्या जोरात म्हणायला लावला की रडली बिचारी. उद्या तिला गोळी द्यायची. लिमलेटची.

फार वाईट वाटतंय. त्या मुलीचं नव्हे, माझंच.

१० मार्च

बाबा परवापासून कुठल्याशा यजमानाकडे. आम्ही बोलत नाहीच, त्यामुळे कुठे ते विचारलं नाही.

११ मार्च

बाबा आले. पिशवीभर संत्री! आईने विचारलं तर म्हणाले, दक्षिणा. मी रागाने एकही खाल्लं नाही. रात्री एक खाल्लं. गोड होतं, मेलं.

३१ मार्च

उद्या वर्ग. पाचच मुली. बापूसाहेबांना काय सांगायचं, हे पाठ करत दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. एवढ्यात फाटकातून किसनराव आत आले. डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे ललिता!

विचारलं, कसं काय?

किसनराव पेटी उतरवत म्हणाले, "तुमचे बाबा आलते नं आमच्या घरी, गेल्या महिन्यात... नाई, याच महिन्यात. ओट्यावर बसले. म्हनले, मायी पोरगी नर्स आहे, अन् मी इतके वर्सं लोकाइले खोटं सांगून राहिलो." पेटीवर बसले. "म्या इचारलं, तुमच्या आळीत सांगतलं का? म्हनले, नाई. खाली पाहून बसले. मंग म्हनले, तुमची पोरगी रुजू होईल त्या दिवशी सांगतो. मी म्हनलं, ठीक, माया शब्द माया, तुमचा शब्द तुमचा."

ललिताची उंची परत मोजली. वजन नाही केलं.

घरी आल्यावर बाबांकडे पाहिलं. ते पंचांग चाळत होते.

१ एप्रिल

पहाटे दार उघडलं. पुढच्या दोरीवर, रस्त्याकडे तोंड करून, बाबांच्या धोतराशेजारी माझा पांढरा पोशाख. बेबीताई ओट्याखाली उभ्या, आणि बाबा त्यांना म्हणत होते, "गणिताला दुसरी मास्तरीण बघा. आमची चारू नर्स आहे."